या भिंतीला काही म्हणायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंत मिळाली. चाळीस फूट लांब, सात फूट उंच. खरं तर आनंद व्हायला हवा, पण दुपारपासून दोनदा वाटलं, नको म्हणून कळवावं. म्हणून ही वही काढली. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या बाईनं एखादी कोरी वही स्वतःसाठी ठेवायला हरकत नाही.

मी बोईसरच्या शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकला कसली, संदेश शिकवते. पाणी वाचवा, झाडे लावा, मुलगी शिकवा. पोरानं कितीही छान नळ काढू दे, खाली घोषणा लिहिल्याशिवाय त्याला बक्षीस नाही. मागच्या वर्षी एका मुलीनं कागदभर नुसते निळे आणि तपकिरी ठिपके काढले होते. मी तिला विचारलं, "यातून तुला काय सांगायचंय?" तिला रडू फुटलं. तेव्हापासून मला माझीच लाज वाटते.

धीरज ज्या केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, तिथल्या कॅन्टीनमागची ही भिंत. सुरक्षा सप्ताहाआधी रंगवून हवी आहे. तिथले सेफ्टी ऑफिसर मेहुलभाई म्हणाले, "मॅडम, एक हेल्मेट, एक गॉगल, एक हसता वर्कर. झालं काम."

मी म्हटलं, "मी संदेश काढणार नाही. नुसते रंग."

"नुसता कलर? काय अर्थ त्याचा?"

"काही नाही."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "चार मार्चला पावने येनार. त्याच्याआधी भिंत भरलेली पायजे. बास."

येताना बाइकवर धीरज म्हणाला, "पण रूपल, हे काय आहे असं लोक मला विचारणार. मी काय सांगू?" मीही त्याच प्रश्नाला घाबरते. मेसेज लिहिलेला असला की माणूस त्याच्या आड लपू शकतो. इथे मी उघडी पडणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

रंग नवे नाहीत. पाइप रंगवून उरलेले डबे कंपनीच्या स्टोअरमध्ये पडून होते, ते दिले. मेहुलभाईंनी एकेक डबा दाखवत धडाच दिला. हिरवा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे गॅस, जांभळा म्हणजे ॲसिड, राखाडी म्हणजे वाफ. कारखान्यात प्रत्येक रंग बोलतो. निरक्षर माणसालाही पाइप बघून कळतं आत काय वाहतंय ते.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ज्या रंगांना आधीच अर्थ चिकटलाय, त्यांनाच मी गप्प बसवायचं? सोवळ्यात शिवाशिव झाल्यासारखं झालं. पण दुसरे रंग मिळणार नव्हते.

आणखी एक अडचण. भिंतीच्या मधोमध, कमरेएवढ्या उंचीवर, एक जुना पाइप आडवा गेलाय. त्याला एक गंजका कॉक, नळाच्या तोटीसारखा. मी विचारलं, "याला वगळू का?"

मेहुलभाई हसले. "ती लाइन मेलेली हाय, मॅडम. आठ वर्षं झाली. बिनधास्त मारा कलर."

बरं झालं. पाइप सोडला असता तर चित्राचे दोन तुकडे झाले असते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाच दिवस अर्धी रजा टाकून दुपारपासून इथेच. पाठ मोडून आलीय. जो जातो तो थांबतो आणि विचारतो. फिटर म्हणाला, हा तारापूरचा नकाशा. कॅन्टीनवाला म्हणाला, बोंबील वाळत घातलेत. युनियनचा एक जण हळूच म्हणाला, "तो पिवळा डाग म्हणजे परवाची गॅसगळतीच ना? बरोब्बर दाखवलीत." मी घाबरून म्हटलं, नाही हो, तो डाग पिवळाच आहे फक्त! त्यानं डोळा मारला. रात्री तो पिवळा पुसून टाकावा असं वाटत होतं.

एकच माणूस विचारत नाही. रामनाथ. ठेकेदाराकडचा कामगार, उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा असेल. जेवणाच्या सुट्टीत सगळे पंख्याखाली बसतात, हा डबा घेऊन भिंतीसमोर उकिडवा बसतो. जेवतो, बघतो, डबा धुतो, जातो. आज मीच न राहवून विचारलं, "कैसा लगता है?"

तो म्हणाला, "बैठने को अच्छा लगता है, दीदी."

घरी सासऱ्यांना, अण्णांना, हे सांगितलं. ते वाडीतून चिकू उतरवून आले होते. म्हणाले, "तुजी सासू अंगन सारवायची तवा शेनावर बोटांनी नक्षी वढायची. तिला कोनी इचारलं नाय तू काय सांगतं म्हनून. नक्षी नसती तर मात्र सगल्यांनी इचारलं असतं, आज काय झालं म्हनून." मला हे कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संपलं. शेवटचा हिरवा पट्टा पाइपवरून, कॉकवरून ओढत खाली आणला आणि ब्रश ठेवला. धीरज बघायला आला. म्हणाला, "कळत नाही, पण डोळे हटत नाहीत." बारा वर्षांच्या संसारात त्यानं माझ्याबद्दल बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य.

तरी भीती आहेच. पाहुण्यांनी विचारलं तर?

२६ फेब्रुवारी, बुधवार

धीरज या आठवड्यात सेकंड शिफ्टला. काल आला तो जेवलाच नाही. आज सकाळी चहाही तसाच निवला. कोपरापर्यंत साबण लावून चार वेळा हात धुतले. मी विचारलं तर म्हणाला, "टाकी भरलीय. वरून सांगतात, करा काहीही, रिकामी करा."

मग एकदम विचारलं, "तुझा रंग ॲसिडला टिकतो का गं?"

मी म्हटलं, पावसाला टिकला तरी पुष्कळ. तो हसला नाही. नक्कीच कंपनीत कुणीतरी भिंतीवरून त्याची टिंगल केलीय. माझ्यामुळे बिचाऱ्याला ऐकून घ्यावं लागतंय.

१ मार्च, शनिवार

घाईत लिहितेय. अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे.

दुपारी एकच्या सुमारास भिंतीवरच्या त्या कॉकमधून ॲसिड उडालं. रामनाथच्या हातावर, तोंडावर, डोळ्यांत. त्याला बोईसरच्या हॉस्पिटलात नेलंय. मला शाळेत फोन आला. धीरजचा नव्हे, कॅन्टीनवाल्याचा. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या चित्राजवळच झालं."

माझ्याच चित्राजवळ.

२ मार्च, रविवार

सगळीकडे एकच बोलणं आहे. पाइपवर हिरवा रंग होता. हिरवा म्हणजे पाणी. रामनाथला वाचता येत नाही, त्याला रंगच शिकवलेत. त्यानं हात धुवायला कॉक उघडला.

म्हणजे माझं चित्र बोललं. मी त्याला गप्प राहायला सांगितलं होतं आणि ते माझ्यामागे बोललं, तेही खोटं. मला वाटलं मी अर्थ पुसून टाकलाय. अर्थ तिथेच दबा धरून बसला होता. अकरा वर्षं मी मुलांना जे शिकवलं तेच बरोबर असेल का? काय सांगायचं ते स्पष्ट लिहावं, नाहीतर रंगाला हात लावू नये?

 रस्त्यावरून रिक्षा गेली तरी पोलीस आले असं वाटतं. माहेराहून, माकुणसारहून, आईचा फोन आला, तो उचललाच नाही.

धीरज माझ्याकडे बघत नाही. राग आला असेल तर बोलावं ना त्यानं. ओरडावं. पण तो नुसता बाजेवर बसून आपले तळवे बघतोय.

३ मार्च, सोमवार

मेहुलभाई घरी आले. पाम गावात आमचं घर शोधत, येताना अण्णांसाठी फळं घेऊन. इतके मायेनं बोलले की मला रडू आलं.

त्यांनी एक कागद आणलाय. त्यात लिहिलंय की चित्रातला हिरवा पट्टा पाण्याचं प्रतीक आहे, आणि तो पाइपवर मी माझ्या मनानं, कोणाला न विचारता काढला, म्हणून रामनाथनं पाणी समजून कॉक उघडला.

मी म्हटलं, "पण तो पाणी नाहीये. तो काहीच नाहीये."

"मॅडम, चित्राला काही अर्थ तर आसतोच ना? तुमी लिहून देत नाय, तर लोक आपला आपला काढनार. कोन म्हननार कंपनीचा दोष, कोन म्हननार ऑपरेटरचा दोष." मग धीरजकडे बघून म्हणाले, "धीरजभाई पन त्याच सेक्शनला हाय. बघा. तुमाला कोन जेलमध्ये टाकत नाय. कलाकाराची चूक, भोळेपनानं झाली. फाइल बंद."

ते गेल्यावर धीरज म्हणाला, "सही कर, रूपल. मिटव हे." त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. माझ्यासाठी किती घाबरलाय तो! माझ्यापेक्षा जास्त.

५ मार्च, बुधवार

सही केली.

कंपनीच्या ऑफिसात सही करताना पेन दोनदा हातातून सुटलं. मेहुलभाईंनी उचलून दिलं. बाहेर आले तर दोन माणसं भिंतीला चुना मारत होती. पंचनामा झाला, फोटो काढून झाले, पाहुणेही रद्द झाले, आता ठेवून काय करायचं म्हणाले. पिवळा आधी गेला. जांभळा दोन हात मारले तरी खालून दिसत होता, मग तिसरा मारला. तो पाइप कापून नेलाय. मी फाटकापर्यंत चालत आले आणि शिफ्टच्या बसच्या मागे जाऊन बसले.

आता भीती कमी व्हायला हवी होती.

९ मार्च, रविवार

आज हॉस्पिटलात गेले. कोणाला सांगितलं नाही. धीरजला म्हटलं, बाजारात जाते. वॉर्डच्या दारात मी दहा मिनिटं तरी उभी होते. रामनाथ मला शिव्या देईल, ओरडेल, सगळा वॉर्ड माझ्याकडे बघेल, असं वाटत होतं. 

रामनाथच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. डावा डोळा वाचेल म्हणतात, उजव्याचं नक्की नाही. मी नाव सांगितलं. तो उठून बसायला लागला.

"अरे, चित्रवाली दीदी."

मला राहवलं नाही. मी तिथेच, नर्स समोर असताना, म्हणून टाकलं, की माझ्यामुळे झालं, मी हिरवा लावला, तुम्हाला वाटलं पाणी आहे.

तो गोंधळला. "पानी? नहीं दीदी. वहाँ पानी कभी आता ही नहीं था. सबको पता है वो बंद लाइन है."

"मग कॉक का उघडलात?"

"खोला नहीं. बंद कर रहा था." मग हळूहळू सांगितलं. तो नेहमीसारखा डबा घेऊन बसला होता. कॉकमधून थेंब थेंब गळत होतं आणि जिथे ओघळ जात होता तिथला रंग वितळून खाली येत होता. "हरा वाला बह रहा था. मैंने सोचा, पूरा खराब हो जाएगा. इतने दिन आपने मेहनत की." त्यानं कॉक आवळायला हात घातला आणि तो सडका कॉक हातात तुटून आला.

 त्यानं रंग वाचला नव्हता. त्याला त्यात पाणी दिसलं नव्हतं, तारापूर दिसलं नव्हतं, काहीच दिसलं नव्हतं. ते चित्र त्याला जसंच्या तसं राहायला हवं होतं, एवढंच. आणि मी सही करून आलेय की त्यानं पाणी समजून कॉक उघडला. त्याचीच चूक ठरली तर कंपनी हात झटकणार आणि हा एक डोळा घेऊन गावी जाणार.

निघताना त्यानं विचारलं, "दीवार ज्यादा खराब तो नहीं हुई?"

"नाही," म्हटलं मी. "तशीच आहे."

११ मार्च, मंगळवार

उद्या कंपनीत चौकशी. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या अधिकारी बाई येणार आहेत. मला बोलावलंय. मी फक्त मान हलवायची आहे, मेहुलभाईंनी फोन करून दोनदा सांगितलं.

जेवताना मी सगळं सांगून टाकलं. रामनाथला भेटले ते, त्यानं काय सांगितलं ते. मी सही मागे घेणार आहे. काय व्हायचं ते होवो. शाळेतून काढतील, पोलिसांत देतील. खोटा अर्थ लिहून दिलाय तो मला झोपू देत नाही.

अण्णा ताटातला भात कालवत ऐकत होते. ते म्हणाले, "ता सगलां बरोबर हाय. पन मना एक सांग. नल मेलेला व्हता ना? मग मेलेल्या नलात ॲसिड आलं कुठून?"

मी घास तसाच धरून बसले. दहा दिवस मी रंगाचा विचार करतेय, हिरव्याचा, अर्थाचा, माझ्या पापाचा. हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही! एवढी मोठी मास्तरीण, आणि सातवी शिकलेल्या म्हाताऱ्यानं अक्कल शिकवली. उद्या मी हाच प्रश्न विचारणार आहे. सगळ्यांसमोर. ज्यानं कोणी ती लाइन जोडली, त्याचं नाव बाहेर आलंच पाहिजे. कसा राहत असेल तो माणूस? कशी झोप लागत असेल त्याला?

धीरज ताटावरून उठला. मला वाटलं रागावला. पण ओट्यावर थोडा वेळ बसून आत आला आणि म्हणाला, "उद्या मीही येतो तुझ्याबरोबर."

त्यामुळे जरा धीर आला. एकटीनं जायची फार भीती वाटत होती.

१२ मार्च, बुधवार

लिहायलाच हवं. उद्या मीच विश्वास ठेवणार नाही.

बारा-पंधरा माणसं होती. अधिकारी बाईंनी माझा कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "हिरवा पट्टा म्हणजे पाणी, हे तुमचंच म्हणणं?"

मी उभी राहिले.  मी म्हटलं, "नाही. त्या चित्राला काही अर्थ नव्हता. मी घाबरून सही केली."

मेहुलभाई गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, सही तर तुमचीच ना?"

"सही माझी. अर्थ तुमचा."

मग रामनाथनं सांगितलेलं सगळं सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. शेवटी मी तो प्रश्न विचारला. बंद पाइपमध्ये ॲसिड आलं कुठून? बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोच प्रश्न पुन्हा सगळ्यांना विचारला.   मी मेहुलभाईंच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता सापडला.

आवाज माझ्या मागून आला. "मी जोडली लाइन."

मी वळून बघितलं. धीरज दाराशी उभा होता.

"पंचवीस तारखेला, सेकंड शिफ्टला. टाकी भरली होती. वापरलेलं ॲसिड जुन्या लाइननं मागच्या गटारात सोडा, असं मेहुलसाहेबांनी सांगितलं. लेखी दिलं नाही. पण जोडली मीच. तो कॉक सडलाय हे मला दिसलं होतं."

पुढे खूप बोलणं झालं, मेहुलभाई ओरडले, बाईंनी पाणी मागवलं, धीरजची वेगळी जबानी घेतली. मला त्यातलं थोडंच आठवतं. मी खुर्चीत बसून होते आणि एवढंच मनात येत होतं, की तो हात धूत होता, मी बघत होते, आणि मला वाटलं कुणीतरी त्याची टिंगल केली. चित्रात अर्थ नाही म्हणून जगाशी भांडले, आणि घरातलं माणूस वाचता आलं नाही.

बाहेर त्याला बाइकला किल्ली लावता येईना. मी लावून दिली.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कळलं असतं तर विचारलं असतंस?"

मी मागे चढून बसले. मला खरंच माहीत नाही, आणि या वहीतही ते लिहिण्याची हिंमत नाही. नोकरी जाईल. केस होईल. अण्णांना कसं सांगायचं? पाममध्ये तोंड कसं दाखवायचं? मी त्याच्या पाठीला धरून बसले होते. ती घामानं भिजली होती.

त्यानं गाडी घराकडे वळवली नाही. हॉस्पिटलासमोर उभी केली. जिन्यावर तो दोनदा थांबला. वॉर्डात रामनाथ पलंगाला टेकून बसला होता, पट्टी तशीच.

आमची पावलं ऐकून त्यानं मान वळवली. "कौन है?"

 आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते. धीरजनं माझा हात सोडला, पलंगाजवळ गेला आणि आपलं नाव सांगितलं.